एकाच वळूच्या गायी एकदम उलटायला लागल्या तर

आटपाडी, सांगोला, माण, जत या पट्ट्यात खिलार पाळणाऱ्यांची हल्ली एक तक्रार सारखी कानावर येते. गाय वेळेवर माजावर येते, वळूला दाखवली जाते, वळू झेपही टाकतो. तीन आठवडे गेले की गाय पुन्हा हंबरायला लागते, म्हणजे उलटते. असं दोनदा, तीनदा, चारदा होतं. मग सलाईन, गर्भपिशवी धुणं, कुणीतरी सांगितलेलं झाडपाल्याचं औषध असं सगळं गायीवर करून होतं, आणि शेवटी ती भाकड म्हणून बाजारात जाते. शेजारच्या वस्तीवरही हेच चाललेलं असतं. दोन्ही घरच्या गायी एकाच वळूला दाखवलेल्या असतात, हे मात्र कुणी जोडून बघत नाही.

दावणीतली एखादी गाय उलटत असेल तर दोष त्या गायीत शोधावा. पण एका वळूला दाखवलेल्या आठ-दहा गायींपैकी निम्म्या उलटत असतील, तर गायींवर खर्च करणं थांबवा. तेव्हा दोष वळूत असतो नाहीतर गव्हाणीत. या दोहोंपैकी नेमका कुठे, हे ओळखायला सगळ्यात आधी लागतात तारखा, आणि त्याच कुणाकडे नसतात.

उलटण्याच्या तारखा काय सांगतात

गोठ्यात भिंतीला कॅलेंडर टांगा आणि पेन्सिल दोरीला बांधून ठेवा. गाय माजावर दिसली ती तारीख आणि सकाळ की संध्याकाळ, कोणत्या वळूला दाखवली, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) कसा होता आणि परत माजावर कधी आली, एवढंच लिहायचं. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं.

गाय बरोबर १८ ते २४ दिवसांनी परत येत असेल, तर तिचं माजाचं चक्र ठीक चाललंय. फळच धरलं नाही, किंवा धरलेलं फळ पहिल्याच आठवड्या-दोन आठवड्यांत गेलं, एवढाच त्याचा अर्थ. दाखवण्याची वेळ चुकली असेल किंवा वळूच्या रेतात दम नसेल. यात वेळेची चूक फार मोठी असते. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, देशी गायीत बऱ्याचदा त्याहून कमी, आणि बीज सुटतं ते माज ओसरल्यावर १०-१२ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना हिशोब अजूनही बरोबर आहे. वळूवाला जत्रेला गेलाय, म्हणून गाय तिसऱ्या दिवशी नेली असेल, तर त्या झेपेचा राग वळूवर काढण्यात अर्थ नाही.

गाय ३०, ३७, ४५ अशा वेड्यावाकड्या दिवसांनी परत येत असेल, तर गोष्ट वेगळी. फळ धरलं होतं आणि नंतर आतच मेलं. एकाच वळूच्या अनेक गायींत असं दिसलं, तर झेपेतून पसरणाऱ्या रोगाची शंका घ्यायची. विब्रिओसिस आणि ट्रायकोमोनियासिस ही त्यांची नावं. वळू वरून धडधाकट दिसतो, खातो-पितो, झेप घेतो, पण लिंगाच्या पिशवीत जंतू सांभाळून असतो आणि प्रत्येक गायीला देत जातो. गाय काही महिन्यांत बऱ्यापैकी सावरते. मोठ्या वयाचा वळू सहसा आपोआप बरा होत नाही.

पाच महिन्यांच्या पुढची गाभण गाय गाभडत असेल आणि वार अडकत असेल, तर पहिला संशय ब्रुसेलावर. गाभडलेल्या वासराला, वारेला उघड्या हाताने शिवू नका, कारण हा रोग माणसालाही होतो. अंगात मुरलेला ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने जात नाही. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि त्या गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका.

चौथी तऱ्हा लोकांच्या लक्षात येत नाही. गायी आठ-दहा दिवसांनीच माजाची लक्षणं दाखवतात, माज चार-पाच दिवस ओसरत नाही, योनी सुजल्यासारखी राहते, आणि कधी वळू न दाखवलेल्या कालवडीच्याही सडांत भर दिसते. एका गायीत हे दिसलं तर अंडाशयावर गाठ असेल. सगळ्या गोठ्यात दिसलं, तर वळूचा काही संबंध नाही. वैरण बघा.

गव्हाणीत काय बदललं?

या भागातल्या खिलारचं पोट पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर पोसलं गेलं. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलं तसं रान बदललं. डाळिंब आलं, ऊस आला, बांधाच्या कडेला लसूणघासाचे वाफे आले. वाफा एकदा धरला की महिन्याला कापणी मिळते, त्यामुळे गडी-माणूस कडब्याची पेंढी सोडायच्या आधी घासाचाच भारा आणून टाकतो. गाय आवडीने खाते. मालकाला वाटतं, गाय सुधारली.

लसूणघास वाईट नाही. वाळल्या वजनात त्याच्यात जवळजवळ २० टक्के प्रथिनं असतात, कडब्यात चार-पाच. पण तो द्विदल आहे आणि द्विदल हिरव्या चाऱ्याची तीन दुखणी आहेत. त्यांपैकी पोटफुगी सगळ्यांना माहीत आहे. दव पडलेला कोवळा घास उपाशी पोटी खाल्ला की पोटात फेस धरतो, डावी भकाळी फुगते आणि बोटांनी वाजवली तर ढोलासारखी वाजते. गाय खाली बसली, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली, तर वेळ थोडा असतो. पाव ते अर्धा लिटर गोडेतेल सावकाश पाजा, तोंड फार उंच करू नका, नाहीतर तेल फुप्फुसात जाईल. पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि डॉक्टरला बोलवा. टाळायचं असेल तर आधी कडबा घाला आणि मग घास. घासही कापल्यावर चार-पाच तास सुकू द्या. फुलोऱ्याला लागताना कापलेला घास कोवळ्यापेक्षा बरा.

बाकीची दोन दुखणी दिसत नाहीत आणि गाय उलटण्याशी थेट बांधलेली आहेत.

पहिलं म्हणजे घासातला संप्रेरकासारखा घटक. लसूणघासात कूमेस्ट्रॉल नावाचं द्रव्य असतं, ते शरीरात मादीच्या इस्ट्रोजेनसारखं वागतं. निरोगी पिकात ते थोडंच असतं. पानांवर ठिपक्यांचा रोग पडला किंवा मावा बसला की झाडच ते जास्त तयार करतं. लसूणघासाच्याच भाऊबंदांतल्या क्लोव्हरच्या काही जातींत अशीच दुसरी द्रव्यं असतात. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणात वांझ झाल्या, तेव्हा जगाला हे प्रकरण कळलं. गायी मेंढ्यांइतक्या नाजूक नाहीत. चारा बदलला की साधारण महिना-सव्वा महिन्यात त्या ताळ्यावर येतात. पण तोवर माज फसवा असतो आणि वळूची प्रत्येक झेप वाया जाते.

त्यामुळे वाफा बारकाईने बघायची सवय ठेवा. पान उलटं करून बघा. काळे-तपकिरी ठिपके, खालची पानं गळालेली, शेंड्याला चिकटपणा आणि मावा, असं दिसलं तर ती कापणी फळवायच्या गायींना आणि कालवडींना घालू नका. खच्ची केलेल्या बैलांना चालेल, मात्र माव्यावर औषध मारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या. सडलेल्या, दोन-तीन वर्षं झालेल्या वाफ्याला औषधं मारत बसण्यापेक्षा तो मोडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा धरणं परवडतं. राहुरी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण या भागात चांगला चालतो.

दुसरं दुखणं फॉस्फरसचं. घासात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी असतो, आणि कडब्यातही फॉस्फरसची बोंबच. घास आणि कडबा एवढंच खाणाऱ्या गायीचा माज दबतो, किंवा माज येतो पण गाय ठरत नाही, म्हणजे गाभण राहत नाही. अशी गाय ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ती चपला चघळते, चिंध्या खाते, रानात हाडूक दिसलं की तोंडात धरून उभी राहते. पोरं हसतात, पण ती गाय फॉस्फरस शोधत असते. गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, त्यासाठी स्वस्त आणि चांगला. रोज एक किलोभर भुसा आणि ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. खडे मीठ चाटायला असलं म्हणजे खनिज मिश्रण झालं, ही समजूत सोडून द्या.

मग घास घालायचा किती? साडेतीनशे-चारशे किलोच्या, दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या खिलार गायीला दिवसाला सात-आठ किलो हिरवा घास पुरे. त्यात ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे कोरडा चारा दीड किलोच्या आसपास. बाकी पोट पाच-सहा किलो कडब्याने भरायचं. अंदाजे हाताने टाकू नका, एकदा भारा काट्यावर ठेवून बघा. बहुतेकांचा अंदाज निम्म्याने चुकतो.

दोष वळूत की वैरणीत, हे कसं ठरवायचं

याला एक सरळ युक्ती आहे. उलटणाऱ्या गायींपैकी दोन-तीन गायी पुढच्या माजाला वळूकडे न नेता कृत्रिम रेतनाने भरवा. खिलारच्या गोठवलेल्या रेताची कांडी सरकारी दवाखान्यात विचारा. वेळ नीट पाळा आणि कांडी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून वितळवली जाते का, तेही उभं राहून बघा. खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवलेल्या कांडीचा भरवसा नाही. या गायी ठरल्या आणि वळूच्या उलटतच राहिल्या, तर वळू दोषी. त्याही उलटल्या, तर वैरणीकडे आणि गायींच्या पिशवीच्या आजाराकडे वळा. ठरली म्हणजे माज आला नाही एवढंच धरू नका, अडीच-तीन महिन्यांनी हात घालून तपासून घ्या.

वळू निवडताना, आणि असलेला तपासताना

२०१४ च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला. खिलारला त्यामुळे पुन्हा भाव आला, हे चांगलंच झालं. पण वळू निवडायची नजरही बदलली. कुठल्या मैदानात पळाला आणि किती गुलाल पडला, यावर वळूची कीर्ती ठरते, आणि शर्यतीचा सीझन चालू असताना त्याच्यावर गायी आणून लावल्या जातात. शिंगांची ठेवण, कोसा रंग, वशिंड, सडसडीत अंग हे सगळं बघावंच. पण यातलं एकही गाय ठरवत नाही.

रेत तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. आज जो दोष दिसतो, त्याचं कारण दोन महिन्यांपूर्वीचं असतं. वळूला लाळ-खुरकूत झाली, लंपी झाली, कडक ताप आला, तर तो चार-आठ दिवसांत उभा राहतो, पण पुढचे साठ-सत्तर दिवस त्याच्या झेपांवर विश्वास ठेवू नये. लंपीत तर वृषणांनाच सूज येऊ शकते आणि काही वळू कायमचे कामातून जातात. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बांधलेल्या वळूचंही तेच. वृषण अंगाच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश थंड राहिले तरच रेत नीट बनतं, म्हणून तर ते बाहेर लोंबकळतात. भर उन्हात पळवलेल्या, टेम्पोत तासन्‌तास उभ्या केलेल्या वळूकडून जूनमध्ये गायी ठरण्याची अपेक्षा करणं चुकीचंच. झाडाची सावली, अंगावर पाणी आणि दोन महिन्यांची विश्रांती एवढं दिलं तर यातले बरेच वळू सुधारतात.

वळू विकत घेताना किंवा गाय घेऊन जाण्याआधी मालकाला विचारा, 'गेल्या तीन-चार महिन्यांत दाखवलेल्या गायींपैकी किती ठरल्या?' 'सगळ्याच' असं उत्तर आलं तर दोन गायवाल्यांची घरं विचारून घ्या आणि त्यांच्याकडे जाऊन बघा. वळूची आई जिवंत असेल तर तिला बघा. वेतं वेळेवर झाली का आणि सड सरळ आहेत का, याने पुढच्या कालवडीचा अंदाज येतो.

मग वळू चालवा, आणि तेही मऊ रानात नाही, कठीण जमिनीवर. मागच्या पायात खुराचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर वळू गायीवर चढतो, पण झेप पुरी करत नाही. म्हणून एक झेप डोळ्यांनी बघाच. शेवटचा जोराचा झटका आला तरच काम झालं. चढला, उतरला, पुन्हा चढला, असा खेळ चालला असेल तर मालक कितीही म्हणो, 'झालं झालं', ते झालेलं नसतं.

वृषण हाताने तपासायचे, पण ते डॉक्टरच्या किंवा सरावलेल्या माणसाच्या हाताने, वळू नीट बांधून. दोन्ही सारख्या मापाचे, दाबल्यावर टणक पण लवचीक, पिशवीत सहज वर-खाली सरकणारे हवेत. एक लहान, दगडासारखा घट्ट, किंवा उलट पिठाच्या गोळ्यासारखा मऊ असेल, तर वळू कितीही देखणा असो, तो सोडा. परदेशात मांसाच्या जातींचे वळू निवडताना पिशवीचा घेर टेपने मोजतात. दोन वर्षांवरच्या वळूला ३४ सेंटिमीटरच्या खाली नापास करतात. आपले देशी वळू उशिरा वयात येतात, त्यामुळे तो आकडा खिलारला जसाच्या तसा लावू नये. पण एकाच वयाच्या दोन खोंडांतून निवडायचं असेल, तर मोठ्या घेराचा घ्यावा. शक्य असेल तर रेत काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करा.

झेपांचाही हिशोब ठेवा. पूर्ण वाढलेल्या वळूला आठवड्याला दोन-तीन झेपा पुरेत, नव्या खोंडाला त्याहून कमी. जत्रेत एका दिवसात पाच-सहा गायी लावून पैसे घेणाऱ्याच्या वळूची शेवटची झेप तुमच्या गायीला मिळाली, तर ती उलटली यात नवल नाही.

आणि तीन वर्षांनी वळू बदलायचाच. तोवर त्याच्या पहिल्या कालवडी फळवायच्या वयाला येतात आणि बाप-लेकीचं पैदाशीचं नातं जुळलं की कमजोर वासरं, गर्भ जाणं, उलटणं हे सगळं वाढतं. गाव लहान असेल तर पाच-सहा कोसांवरच्या वळूवाल्याशी अदलाबदल करा. आणताना मात्र रक्ताची ब्रुसेला तपासणी झाल्याशिवाय दावणीला बांधू नका.

रोगाची शंका असेल तर

वेड्यावाकड्या तारखांनी गायी उलटत असतील, तर त्या वळूची झेप आजच बंद करा. ब्रुसेलासाठी रक्त आणि विब्रिओ-ट्रायकोसाठी लिंगाच्या पिशवीचे धुवण तपासायला पाठवतात. नमुना घेण्याआधी वळूला आठवडाभर तरी गाय दाखवू नये. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगितलं तर नमुने पुढे पाठवण्याची वाट ते सांगतात. पुण्याला औंधमध्ये राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. ब्रुसेला निघाला तर त्या वळूवर औषधोपचार करून त्याला पुन्हा पैदाशीत आणायचा विचार सोडून द्या. ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच टोचतात. खोंडांना आणि गाभण गायींना ती टोचत नाहीत.

हे सगळं नीट करूनही कॅलेंडरवरच्या तारखा जुळत नसतील, तर रात्री गायी कुठे असतात ते बघा. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे कुणालाच नको असलेले खोंड गावोगाव मोकाट फिरतात. त्यात देवाला सोडलेला वळू असतो तो निराळाच. कुंपण नसलेल्या गोठ्यातल्या माजावरच्या गायीला तो रात्रीतूनच गाठतो. मालकाच्या वहीत एक वळू असतो आणि वासराच्या तोंडावळ्यात दुसराच. घरचे नको असलेले खोंड दीड-दोन वर्षांचे व्हायच्या आत दवाखान्यात चिमट्याने खच्ची करून घ्या आणि माजाच्या दोन रात्री गाय आत, कडी लावून बांधा.